पहिले गिऱ्हाईक कोण?

कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवणारा डिटोनेटर असो, सीएनजीवर धावणाऱ्या गाडीची टाकी असो की उद्या हायड्रोजन भरायचे सिलिंडर, बाजारात येण्याआधी त्याला ज्या कार्यालयाची मंजुरी लागते त्या ‘पेसो’चे, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, मुख्यालय नागपुरात आहे. ऊर्जा आणि संरक्षण हे दिल्लीत वेगवेगळ्या मंत्रालयांचे विषय असतील. नागपुरात ते एकाच जिन्यावर भेटतात. त्यामागे या भागाचा भूगोल आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय याच शहरात, कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे शहराच्या वेशीवर, २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर केंद्र शेजारच्या टापूत. कोळसा काढायचा तर खडक फोडावा लागतो, खडक फोडायला स्फोटके लागतात, म्हणून अमरावती मार्गाने बाजारगावकडे निघाले की स्फोटकांचे कारखाने लागतात. अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध कारखाने त्याआधीपासूनचे. १९९५ साली स्थापन झालेली सोलार इंडस्ट्रीज खाणींना स्फोटके पुरवत वाढली आणि पुढे संरक्षणाकडे वळली. जून २०२४ मध्ये तिच्या उपकंपनीने ‘नागास्त्र-१’ जातीची १२० आत्मघाती ड्रोन लष्कराच्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात पोहोचवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या अग्निबाणांसाठी संरक्षण मंत्रालयाने जे १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले, त्यांत ही उपकंपनी आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया असे दोनच पुरवठादार होते.

या यशाचा नेहमीचा अर्थ असा लावला जातो की सरकारने वाट मोकळी केली आणि खासगी उद्यमाने मैदान मारले. अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. त्याच कंपनीच्या हातबॉम्बचा प्रवास पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळातला ‘३६ नंबर’चा हातबॉम्ब बदलण्यासाठी नवा बहुउपयोगी हातबॉम्ब घडवला तो डीआरडीओच्या चंदीगड येथील प्रयोगशाळेने, म्हणजे जनतेच्या पैशाने. त्याचे तंत्रज्ञान नागपूरच्या कंपनीने २०१६ साली घेतले. लष्कराच्या आणि गुणवत्ता महासंचालनालयाच्या चाचण्या २०१७-१८ मध्ये झाल्या. १० लाख नगांचा सुमारे ४०९ कोटींचा करार झाला ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि पहिली खेप लष्कराच्या हाती पडली ऑगस्ट २०२१ मध्ये. संशोधन सरकारचे, चाचणी सरकारची, खरेदीही सरकारची. खासगी कंपनीने जे केले ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण तंत्रज्ञान हाती आल्यापासून मागणीचा कागद हाती येईपर्यंत चार वर्षे गेली, आणि ती चार वर्षे तग धरायला तिच्यामागे खाणींच्या स्फोटकांचा बारमाही धंदा होता. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यापाशी अशी पुंजी नसते. चार वर्षे तर सोडाच, चार महिने बिल अडकले तरी तिथे पगाराची तारीख हलते.

अशा छोट्या कारखान्याला संशोधनासाठी सरकारने पैसा द्यावा का, हा प्रश्न आता जुना झाला. देतेच आहे. संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ योजना २०१८ पासून सुरू आहे: दीड कोटीपर्यंत अनुदान, पुढे ‘प्राइम’मध्ये १० कोटींपर्यंत, आणि २०२४ च्या ‘अदिती’ योजनेत २५ कोटींपर्यंत. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी एका प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत देऊ शकतो. २०२५ मध्ये तर केंद्राने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना जाहीर केली. आकडे डोळे दिपवणारे आहेत. तरीही माझे म्हणणे असे की हा पैसा चुकीच्या टोकाकडे सरकतो आहे. चिठ्ठी, म्हणजे एका वेळी मिळणारी रक्कम, मोठी होत चालली आहे आणि ती मिळण्याची वेळ उशिराची. छोट्या उद्योगाला लागते ती लहान, लवकरची आणि फारशा अटी नसलेली पहिली रक्कम, आणि तिच्या पाठोपाठ पहिले गिऱ्हाईक. विदर्भात हे दोन्ही देऊ शकणाऱ्या संस्था सरकारीच आहेत आणि त्या डोळ्यांसमोर उभ्या आहेत.

लहान चिठ्ठीचा आग्रह भावनेतून आलेला नाही, त्याला पुरावा आहे. अमेरिकेने १९८२ साली कायदा करून असा नियम घातला की मोठे संशोधन-अंदाजपत्रक असलेल्या प्रत्येक केंद्रीय खात्याने बाहेर देण्याच्या संशोधन-निधीतला ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांसाठी राखून ठेवावा. हा हिस्सा वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम, कल्पना चालते का एवढेच पाहायला. दुसऱ्यात मोठी, नमुना घडवायला. तिसऱ्यात अनुदान बंद, तिथून पुढे खरेदी किंवा बाजार. सब्रिना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकी ऊर्जा खात्याकडे १९८३ पासून तीस वर्षे आलेल्या अर्जांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती साधी आणि चोख होती: अर्जांच्या गुणवत्ता यादीत ज्यांना जेमतेम अनुदान मिळाले आणि ज्यांचे जेमतेम हुकले, त्यांचीच तुलना करायची, कारण या दोघांच्या अंगच्या गुणांत फारसा फरक नसतो. निष्कर्ष असा की दीड लाख डॉलरच्या आसपासच्या पहिल्या टप्प्यातल्या अनुदानाने पुढे जोखीम भांडवल मिळण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. दुसऱ्या टप्प्याच्या कितीतरी मोठ्या रकमेने मात्र जवळपास काहीच हलले नाही. नव्या आणि हाताशी पैसा नसलेल्या कंपन्यांना फायदा सर्वांत जास्त झाला. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. लहान रकमेत पहिला नमुना उभा राहतो, आणि नमुना टेबलावर आला की समोरच्याचा अर्धा संशय फिटतो.

याच बाईंनी सहकाऱ्यांसह अमेरिकी वायुदलाची योजनाही तपासली. वायुदल पूर्वी नेमके सांगायचे: अमुक मापाचा अमुक भाग हवा, तो बनवून दाखवा. २०१८ पासून त्यांनी त्याच्या जोडीला खुला विषय ठेवला: आम्हाला उपयोगी पडेल असे तुमच्याकडे काय आहे, ते तुम्हीच सांगा. खुल्या विषयात जिंकलेल्या कंपन्यांना पुढे गुंतवणूकही मिळाली आणि लष्कराची खरी कंत्राटेही. नेमून दिलेल्या विषयांत जिंकलेल्यांना पुढे मिळाली ती मुख्यतः आणखी अनुदाने. अनुदानावर अनुदान घेत जगणाऱ्या अशा कंपन्यांना तिकडे ‘गिरण्या’ म्हणतात. आपल्याकडे त्यांना काय म्हणतील हे सांगायला नको. आपल्या आयडेक्समध्ये खुल्या आव्हानाची सोय आहे, हे मान्य करायला हवे. पण योजनेचा मुख्य रोख सेनादलांनी आखून दिलेल्या समस्यांवरच राहिला आहे. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ५४९ समस्या मांडल्या गेल्या आणि ४३० करार झाले. खरेदीची मंजुरी मिळाली ती ४३ वस्तूंना. सात वर्षांत दहाला एक, हे प्रमाण संशोधनाच्या हिशेबाने वाईट नाही. प्रश्न उरलेल्या नऊंचा आहे: त्यांतले किती तंत्रज्ञान फसले म्हणून थांबले आणि किती खरेदीचा कागद न आल्यामुळे, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय योजनेला यश किंवा अपयशाचा शिक्का मारता येणार नाही.

आता आपल्याकडच्या योजनांच्या दारावरच्या अटी पाहा. आयडेक्सचे अनुदान घ्यायचे तर उद्योजकाला स्वतःचाही बरोबरीचा वाटा घालावा लागतो. बेंगळुरूच्या ज्या नवउद्योगामागे गुंतवणूकदार आहे त्याला हे जमते. हिंगण्याच्या कारखानदाराला त्यासाठी बँकेत घर गहाण टाकावे लागते. एक लाख कोटींची नवी योजना मुख्यतः दीर्घ मुदतीच्या, स्वस्त किंवा बिनव्याजी कर्जाची आहे, आणि तंत्रज्ञान-सज्जतेच्या नऊ पायऱ्यांच्या शिडीवर चौथ्या पायरीपासून पुढे लागू होते. म्हणजे प्रयोगशाळेत गोष्ट सिद्ध झाल्यानंतर या, मग बोलू. पहिल्या तीन पायऱ्या कोणी कशाच्या बळावर चढायच्या? ऊर्जेच्या बाजूला तर पैसाच तुटपुंजा आहे: नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन कार्यक्रमाला २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २२८ कोटी, आणि त्यातही सरकारी संस्थेला पूर्ण खर्च मिळू शकतो, उद्योगाला मात्र ५० ते ७० टक्केच. संरक्षणात डीआरडीओचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे २६,८१७ कोटींचे, तर अदितीसह आयडेक्सला साडेचारशे कोटींच्या आसपास. दोन्ही रकमा वेगळ्या खात्यांतल्या आहेत, तुलना ढोबळ आहे. तरी प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आतच राहते.

आणि लहान चिठ्ठी देणे आपल्याला येत नाही असेही नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ सालीच अमेरिकी योजनेवरून बेतलेली योजना सुरू केली होती. २०१२ मध्ये स्थापन झालेली ‘बायरॅक’ ही संस्था कल्पनेच्या पातळीवरच्या कामाला ५० लाखांपर्यंत अनुदान देते, आणि औषधे, लस, निदान-संच बनवणाऱ्या नवउद्योजकांत ते पहिले दार म्हणून ओळखले जाते. जीवशास्त्राला जो विश्वास दाखवला तो बॉयलरला आणि बॅटरीला का नाही, याचे उत्तर मला कोणत्याही सरकारी दस्तऐवजात सापडलेले नाही.

या युक्तिवादावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र अमेरिकेतूनच येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. अर्थशास्त्रज्ञ जोश लर्नर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की अशी अनुदाने मिळालेल्या कंपन्या दहा वर्षांत इतरांपेक्षा वेगाने वाढल्या खऱ्या, पण जिथे जोखीम भांडवल आधीपासून खेळते होते अशाच भागांत. बाकी ठिकाणी फरक पडला नाही. नागपूरला हे लागू केले तर निकाल निराशाजनक आहे. इथे व्हीएनआयटी आहे, नीरी आहे, वाडीला अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, कोराडीला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे औष्णिक संशोधन केंद्र आहे. नाहीत ते गुंतवणूकदार. पुण्या-मुंबईचा पैसा वर्धा नदी ओलांडताना दमतो, ही वैदर्भीय तक्रार इथे शब्दशः खरी आहे. मग अनुदान देऊन काय उपयोग?

पण जोखीम भांडवलदार नेमके करतो काय? नमुना आणि बाजार यांच्यामधले दोन-तीन वर्षांचे भगदाड तो पैशाने बुजवतो. हेच काम गिऱ्हाईकही करू शकते, आणि अनेकदा जास्त चांगले करते, कारण त्याला वस्तूची गरज असते. नागपूरपाशी गुंतवणूकदार नाहीत, पण गिऱ्हाईक आहेत, तीही बड्या तोलामोलाची: वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल, महानिर्मिती, अंबाझरीला मुख्यालय असलेली यंत्र इंडिया, भंडारा आणि भद्रावतीचे दारूगोळा कारखाने. या सगळ्यांची मालकी केंद्राची किंवा राज्याची. २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीचा हिस्सा, आता २५ टक्के, सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. तो घेतला जातोही. पण त्यात नट-बोल्ट, गणवेश, फर्निचर आणि जॉबवर्क. ‘जी वस्तू आजवर कोणी बनवली नाही ती बनवून दाखव, जमली तर आम्ही घेऊ’ असे म्हणायला त्या धोरणात जागाच नाही. टेंडरमध्ये मागील तीन वर्षांच्या पुरवठ्याचा दाखला मागितला जातो. नव्या वस्तूला मागील तीन वर्षे कुठून असणार? नवउद्योगांना अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटीतून सूट देता येते, नियम तसा आहे. पण ती सूट देणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे लेखापरीक्षणाला तोंड द्यावे लागते, न देणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

या गिऱ्हाइकांच्या अडचणी काही अंतराळातल्या नाहीत. औष्णिक केंद्रातला संच अवचित बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बॉयलरच्या नळ्यांची गळती. राखेचे कण नळी झिजवतात, नळी फुटते, ६६० मेगावॉटचा संच थांबतो आणि ती वीज बाहेरून विकत घ्यावी लागते. झीज आधी ओळखणारा स्वस्त संवेदक, नळीवर सरपटणारे तपासणी यंत्र, राखेच्या तलावाच्या बंधाऱ्यावर नजर ठेवणारी यंत्रणा ही छोट्या कारखान्याच्या आवाक्यातली कामे आहेत. खाणीच्या बाजूला सरकारने १ एप्रिल २०२५ पासून विद्युत डिटोनेटरवर बंदी आणली, इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरची मागणी एका आदेशाने उभी राहिली. सरकारचा एखादा नियमच गिऱ्हाईक कसा जन्माला घालतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. त्या आदेशाच्या दोन वर्षे आधी दहा-बारा छोट्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांना प्रत्येकी २० लाखांची चिठ्ठी आणि चाचणीची जागा मिळाली असती, तर त्या बाजारात आज आणखी चार नवी नावे दिसण्याची निदान शक्यता तरी होती.

चाचणीची जागा हा शब्द मुद्दाम वापरला, कारण अनेकदा पैशापेक्षा तिचीच वानवा असते. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांनी नागपुरात ड्रोनच्या चाचणीसाठी १,२५० मीटरच्या धावपट्टीचे आणि दारूगोळा चाचणी सुविधेचे उद्घाटन केले. सुविधा उत्तम आहे, पण ती एका कंपनीच्या आवारात आहे. तिच्या स्पर्धकाने किंवा उद्या स्पर्धक होऊ पाहणाऱ्याने आपले यंत्र तिथे उडवायला न्यावे अशी अपेक्षा करता येत नाही. सामायिक चाचणी केंद्रांसाठी केंद्राची ७५ टक्के अनुदानाची ४०० कोटींची योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या सुविधा संरक्षण कॉरिडॉर असलेल्या उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूच्याच वाट्याला आल्या. ज्या राज्यात पुणे आणि नागपूर ही दारूगोळ्याची दोन जुनी घराणी नांदतात त्याला कॉरिडॉर मिळाला नाही. ही तक्रार आपले नेते जाहीर सभांत करतात, टाळ्याही घेतात. पण अंबाझरीच्या किंवा भंडाऱ्याच्या आवारातली एखादी चाचणी सुविधा ठरलेले भाडे घेऊन बाहेरच्यांना खुली करा, एवढी साधी मागणी कोणी लावून धरलेली दिसत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि विदर्भात तो कोणी हसण्यावारी नेणार नाही. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात किमान आठ जण. मोठ्या, परवानाधारक, अनुभवी कारखान्यांत हे घडते, तर छोट्यांच्या हाती स्फोटकांचे प्रयोग द्यायचे? नाही, द्यायचे नाहीत. स्फोटक पदार्थ हाताळण्याचा परवाना जितका कडक असेल तितका बरा. पण हेच उदाहरण उलट्या बाजूनेही वाचता येते. धोकादायक भरण आणि जुळणीच्या कामातून माणसाचा हात बाहेर कसा काढायचा, दूरनियंत्रित यंत्रे, स्थिर विद्युत ओळखणारे उपकरण, पॅकिंगचे यांत्रिकीकरण, यावरचे संशोधन स्फोटकाला हात न लावता करता येते, आणि ते करू शकणारे यंत्रकार याच जिल्ह्यात लेथ आणि सीएनसी घेऊन बसले आहेत. दर अपघातानंतर चौकशी समिती नेमली जाते, वारसांना मदत जाहीर होते. ‘पेसो’च्या शहरात या विषयावर एक खुले आव्हान निघू नये याचे नवल वाटते.

उरला वाया जाणाऱ्या पैशाचा मुद्दा. लहान अनुदानांपैकी बरीचशी बुडतील. तसे गृहीत धरूनच ती लहान ठेवायची असतात. २० लाखांची पन्नास अनुदाने म्हणजे १० कोटी. त्यांतली चाळीस फसली तरी नुकसान आयडेक्स प्राइमच्या एका फसलेल्या अनुदानाहून कमीच. आपल्या व्यवस्थेला मात्र एक मोठे अपयश पचते आणि चाळीस लहान अपयशे पचत नाहीत, कारण मोठ्याची फाइल एकच असते आणि तिच्यावर समितीच्या सह्या असतात. यावर राज्यानेच काढलेला एक तोडगा हाताशी आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात २०१८ पासून निवडक नवउद्योगांना काही लाखांचे कार्यादेश दिले जातात, म्हणजे अनुदान नव्हे, सरकारी खात्याने दिलेले प्रत्यक्ष काम. कागदावर ती खरेदी आहे, म्हणून तिचा हिशेब ‘काम झाले की नाही’ एवढाच. महानिर्मिती राज्याचीच कंपनी आहे. हीच पद्धत तिने ऊर्जेच्या प्रश्नांना लावायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. अट एकच हवी: बिल ४५ दिवसांत. लघु उद्योगांचा २००६ चा कायदा तेच सांगतो, आणि सरकारी कंपन्यांना तो पाळायला लावणे हे कोणत्याही नव्या निधीपेक्षा स्वस्त आहे.

कोराडीच्या प्रत्येक संचाला देखभालीसाठी ठरलेला शटडाउन घ्यावा लागतो. त्या दिवसांत बॉयलर थंड असतो, नळ्या उघड्या असतात, आणि एरवी वर्षभर जिथे कोणाला फिरकता येत नाही तिथे यंत्र नेऊन लावता येते. हिंगण्याच्या एखाद्या कारखानदाराला तिथे आठ दिवस आपला संवेदक बसवू द्यायचा की नाही, हे ठरवायला एक लाख कोटी लागत नाहीत. मुख्य अभियंत्याची सही लागते, आणि संवेदक फसला तर त्या सहीबद्दल त्याला चौकशीची नोटीस येणार नाही असे लेखी परिपत्रक. तसे परिपत्रक मुंबईहून निघू शकते. शटडाउनचे वेळापत्रक तर आधीच ठरलेले असते.